कुंडीतल्या मातीवर चपटा, फाटे फुटलेला हिरवा पापुद्रा आणि कंपाउंडच्या भिंतीवर मखमली हिरवा थर आलाय, हे नेमकं काय आहे? मॉस, लिव्हरवर्ट की शेवाळ? ते काढून टाकावं का?

तुमच्या वर्णनात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुंडीतला चपटा, फाटे फुटलेला पापुद्रा म्हणजे लिव्हरवर्ट आणि कंपाउंडच्या भिंतीवरचा मखमली थर म्हणजे मॉस. दोन्ही ब्रायोफायटा, म्हणजे शाळेत ‘वनस्पतिसृष्टीचे उभयचर’ म्हणून पाठ केलेला गट. गच्चीवर पाय घसरतो ते बुळबुळीत प्रकरण बहुधा यातलं नसतं. ते शैवाल, म्हणजे शेवाळ असतं, नाहीतर जेलीसारख्या गोळ्यांचं नॉस्टॉक (नीलहरित जीवाणू).

ओळखायला पुस्तकाआधी भिंग घ्या. सोनार वापरतात तसलं १० पटीचं पुरतं. ते डोळ्याला टेकवून धरायचं आणि नमुना भिंगाजवळ आणायचा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि काही दिसत नाही म्हणतात. दुसरी वस्तू पाण्याचा स्प्रे. वाळक्या मॉसवरून ओळख पटवायला जाऊ नका. आपल्याकडे सिमेंटच्या आणि जांभ्याच्या भिंतींवर हायोफिला हे मॉस सर्रास असतं. वाळलं की त्याची पानं आत वळून काळपट होतात आणि सगळं मेल्यासारखं दिसतं. थोडं पाणी मारा आणि भिंग लावून बघत राहा, पानं तुमच्यासमोर उलगडून हिरवी होतात.

पापुद्र्यासारख्या लिव्हरवर्टला खोड-पानं अशी विभागणी नसते. त्यावर काठाला दातेरी अशा गोल प्याल्या दिसल्या तर ते मर्केंशिया. प्याल्या नाहीत, रुपयाएवढी चकती आहे आणि प्रत्येक फाट्याच्या मध्यावर खाच आहे, तर बहुधा रिक्सिया. ते पावसाळ्यात बांधांवर, अंगणाच्या ओल्या मातीत येतं आणि पाऊस गेला की वाळून जातं. पापुद्र्यातून हिरवी शिंगं उभी राहिली असतील तर तो तिसराच गट, अँथॉसिरॉसचा.

घोळ होतो तो पानांच्या लिव्हरवर्टमध्ये. सह्याद्रीत झाडांच्या सालीवर ती पुष्कळ दिसतात आणि लोक त्यांना मॉस समजतात. त्यांची पानं दोन ओळींत असतात आणि पानाला मध्यशीर नसते. मॉसची पानं सहसा खोडाभोवती सर्व बाजूंनी येतात आणि बऱ्याच मॉसमध्ये मध्यशीर असते. पण फिसिडेन्स हे मॉस दोन ओळींतच पानं धरतं, अगदी छोट्या पिसासारखं दिसतं, म्हणून फक्त ओळी मोजून निकाल देऊ नका, शीरही बघा. बीजाणूंची बोंडं आली असतील तर काम सोपं. मॉसचा देठ चिवट, आठवडेच्या आठवडे टिकणारा. या लिव्हरवर्टचा देठ पांढुरका आणि नाजूक, एकदोन दिवसांत लोळतो, आणि त्याचं काळं बोंड चार पाकळ्यांत फुटतं.

आता काढायचं का? मॉस असेल तर राहू द्या. त्याला खरी मुळं नसतात, मूलाभ फक्त धरून ठेवण्यापुरते. ते झाडाचं खत पळवत नाही. माती सतत ओली आहे आणि निचरा कमी आहे एवढं ते सांगतं.

मर्केंशियाची गोष्ट वेगळी. रोपांच्या ट्रेमध्ये त्याची सलग चटई झाली की पाणी वरच्या वर वाहून जातं आणि छोटी रोपं गुदमरतात. प्यालीत मसूरच्या आकाराचे, पण त्याहून कितीतरी बारीक हिरवे कण असतात; झारीचा थेंब प्यालीत पडला की ते उडून शेजारच्या कुंडीत जातात आणि तिथे नवं मर्केंशिया होतं. म्हणून ओरबाडू नका. माती थोडी सुकू द्या, खुरपीने वरची दीड-दोन सेंटीमीटर माती पापुद्र्यासकट उचला आणि कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. त्या जागी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जाड भाताच्या तुसाचा किंवा जाड वाळूचा थर द्या. वरचा थर लवकर सुकतो, त्यामुळे नवे कण रुजत नाहीत. कुंडी विटांवर उचला, खालचं भोक बुजलंय का बघा, आणि खत वर न भुरभुरता मातीत मिसळून द्या; पृष्ठभागावरचं खत आधी मर्केंशियालाच मिळतं.

व्हिनेगर मारल्यावर वरचं जळतं, पण कुंडीतल्या मुळांनाही झळ बसते. खाण्याच्या सोड्यातलं सोडियम माती बिघडवतं. मोरचूद परिणाम करतं, पण तांबं मातीत साठत जातं. आणि ब्लीच व व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

मॉस मुद्दाम वाढवायचं असेल तर ताकात घुसळून दगडावर फासायचा इंटरनेटी उपाय सोडा, त्याला आधी बुरशी येते. भिंतीवरचा तुकडा खरवडलेल्या ओल्या मातीवर घट्ट दाबा आणि पावसाचं साठवलेलं पाणी फवारा. बोअरच्या जड पाण्याने पांढरा क्षार चढतो आणि मॉस तपकिरी पडतं. तुकडा आपल्याच परिसरातला घ्या. महाबळेश्वरहून आणलेलं मॉस पुण्याच्या उन्हाळ्यात सहसा टिकत नाही, आणि राखीव जंगलातून काढणं कायद्यातही बसत नाही.