लसीनंतर कालवड ‘रोज बेंगॉल’ चाचणीत पॉझिटिव्ह आली

तुमचे दोन प्रश्न थोडक्यात असे: पाच महिन्यांच्या कालवडीला ब्रुसेलोसिसची (ब्रुसेला जंतूमुळे होणाऱ्या, गाई गाभडवणाऱ्या रोगाची) एस-१९ ही जिवंत जंतूंची लस दिली, दीड महिन्याने ‘रोज बेंगॉल’ ही रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी चाचणी पॉझिटिव्ह आली, मग तिला लसीतूनच ब्रुसेलोसिस झाला का? आणि गेल्या वर्षी लस दिलेली कालवड आता निगेटिव्ह आली, म्हणजे लस उतरली का, पुन्हा टोचायची का?

दोन्हीकडे गफलत एकच झाली आहे. रक्ततपासणीत दिसणारी प्रतिपिंडे म्हणजेच संरक्षण, असं आपण धरून चालतो. इतर बऱ्याच रोगांत ते चालून जातं, इथे नाही.

ब्रुसेला हा पेशीच्या आत दडणारा जंतू. भक्षक पेशी त्याला गिळते, पण तो तिच्या पचनयंत्रणेला चुकवून आतल्या आत सुरक्षित कोपरा गाठतो आणि तिथेच वाढतो. बाहेर रक्तात कितीही प्रतिपिंडे फिरोत, तिथवर त्यांचा हात पोचत नाही. खरं काम टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, करतात. त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं संदेशवाहक प्रथिन सोडतात, त्याने भक्षक पेशीला जोर येतो आणि तिने गिळलेला जंतू ती स्वतःच मारते. काही टी-पेशी तर जंतू दडलेली पेशीच नष्ट करतात. ही फळी उभी करायला जिवंत लस लागते. मेलेल्या जंतूंची लस प्रतिपिंडे भरपूर देते, पण या कामात तोकडी पडते. एस-१९ चे जंतू टोचल्या जागेजवळच्या लसिकाग्रंथीत काही आठवडे तग धरतात आणि मग शरीर त्यांचा निकाल लावतं. तेवढ्या मुदतीत टी-पेशींची तालीम होते.

मग प्रतिपिंडे येतात कुठून? एस-१९ च्या अंगावर रोगकारक जंतूसारखाच साखरेच्या साखळ्यांचा थर असतो, त्याला ओ-साखळी म्हणतात. त्याविरुद्ध आधी आयजीएम या प्रकारची प्रतिपिंडे तयार होतात, मागोमाग आयजीजी प्रकारची. रोज बेंगॉलचं द्रावण मुद्दाम आम्ल, ३.६५ पीएचचं ठेवतात, म्हणजे आयजीएमचा गोंधळ बराचसा दबतो. आयजीजी मात्र पकडलं जातंच, आणि ते लसीमुळे आलं की रोगामुळे, हे त्या चाचणीला कळत नाही. तुमच्या पहिल्या कालवडीचं बहुधा हेच झालंय. लसीनंतर दीड महिन्याने ही चाचणी करायलाच नको होती.

दुसरीची प्रतिपिंडे ओसरली, हे चांगलंच झालं. लहान वयात लस देण्याचं एक मोठं कारण हेच आहे. मोठ्या गाईला पूर्ण मात्रा दिली तर प्रतिपिंडे फार काळ रेंगाळतात आणि पुढची प्रत्येक तपासणी संशयाची होते. गाभण असेल तर गर्भपाताचाही धोका. कालवडीत पातळी उतरली तरी टी-पेशींची स्मृती शाबूत राहते. तेव्हा निव्वळ निगेटिव्ह अहवालावरून पुन्हा एस-१९ टोचू नका.

पटत नसेल तर आरबी-५१ लसीकडे बघा. १९९६ मध्ये अमेरिकेत तिला परवाना मिळाला. या वाणाला ओ-साखळी जवळजवळ नसतेच, त्यामुळे लस दिलेली जनावरं रोज बेंगॉलमध्ये निगेटिव्हच राहतात, तरीही त्यांना संरक्षण मिळतं. म्हणून ती सरस, असं मात्र समजू नका. तिचा जंतू ब्रुसेलोसिसवर वापरल्या जाणाऱ्या रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाला दाद देत नाही, आणि माणसाला तिची लागण झाली तर नेहमीच्या रक्तचाचणीत ती सापडत नाही.

आता थोडी कटू बाजू. एस-१९ लस गर्भपात बऱ्यापैकी रोखते, लागण तेवढी रोखत नाही. गोठ्यात एखादी गाय गाभडली आणि तिची वार, स्राव तसाच पडून राहिला, तर जंतूंचा मारा इतका होतो की लस घेतलेली गायही बळी पडू शकते. दुसरं, बाधित आईच्या पोटची कालवड कधी कधी पहिल्या वेतापर्यंत निगेटिव्हच दिसते आणि मग उघडी पडते. त्यामुळे तुमच्या दोन्ही कालवडींच्या आया कोण, त्या कधी गाभडल्या होत्या का, हे मला अहवालापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. ते इथे लिहा.

पहिलीची पुढची तपासणी ती दीड-दोन वर्षांची झाल्यावर करा आणि नमुन्यासोबत लसीची तारीख व वाण नक्की कळवा. तेव्हाही पॉझिटिव्ह आली तर कॉम्पिटिटिव्ह एलायझा ही प्रतिपिंडांची अधिक नेमकी रक्तचाचणी करून घ्या. लसीची आणि रोगाची प्रतिपिंडे वेगळी काढायला ती बरीच मदत करते, अगदी शंभर टक्के नसली तरी. मधल्या काळात कुठलीही गाय गाभडली तर रक्तावर विसंबू नका, वार आणि गर्भाच्या पोटातला द्रव जंतू-तपासणीला पाठवा. हातमोजे घालूनच.

आणि हो, लस टोचताना सुई स्वतःला लागली किंवा थेंब डोळ्यात उडाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि लस कोणती होती ते सांगा. आमच्यातल्या एकाने ‘लसच तर आहे’ म्हणून सोडून दिलं, नंतर कित्येक आठवडे तापाने बेजार होता.