छापलेला कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणताना चित्र वाकडं का होतं?

२४ × ३६ इंची फोटो कॅनव्हासवर छापून आणलाय, घरी ताणताना चित्र तिरकं जातं आणि कोपऱ्यात कापडाचा बोळा होतो, असं तुम्ही लिहिलंय. मी फ्रेमिंगचंच काम करतो. माझ्या मते आधी चौकट तपासा, ओढण्याचं नंतर बघू.

टेपने दोन्ही कर्ण मोजा. या मापाला ते साधारण सव्वात्रेचाळीस इंच येतात, पण आकड्यापेक्षा दोन्ही सारखे येणं महत्त्वाचं. चौकट गुण्यात नसेल, म्हणजे कोपरे काटकोनात नसतील, तर कापड कसंही ओढा, फोटोतला दरवाजा कललेलाच दिसणार. पट्टीची पुढची बाजू सुताराकडून आतल्या अंगाला उतरती रंधून घ्या, म्हणजे कापड फक्त बाहेरच्या कडेवर टेकतं. नाहीतर काही दिवसांनी पट्टीच्या आतल्या कडेची रेघ चित्रावर उमटते. बाहेरची धार मात्र पॉलिश पेपरने जरा मारा. धारदार कडेवर छपाईचा थर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते.

आता मार्जिन. पट्टी दीड इंच जाड असेल तर चारही बाजूंना किमान सव्वादोन इंच जास्तीचं कापड हवं, म्हणजे एकूण साडेअठ्ठावीस बाय साडेचाळीस. ते सोडलेलं नसेल तर फोटोच कडेवर वळतो आणि टोकाला उभ्या असलेल्या काकांचा अर्धा खांदा जातो. अशा वेळी पुन्हा छापून घेणंच बरं. कडेला फोटोचंच आरशासारखं उलटं प्रतिबिंब छापून द्या म्हणून सांगायचं.

ताणताना लांब बाजूच्या मध्यावर एक पिन, मग बरोबर समोर, मग दोन्ही आखूड बाजूंचे मध्य. तिथून थोडं थोडं कोपऱ्यांकडे, दर वेळी समोरासमोर, दीड-दोन इंचांवर. एकच बाजू सलग मारत गेलात की चित्र सरकतं. तुमचं बहुधा तिथेच बिनसतंय. चित्रकाराचा कोरा कॅनव्हास ढोलकीसारखा ताणतात, तसा हा ताणू नका. सुरकुती गेली की पुरे. शाई ताजी असेल तर एक दिवस थांबा.

कोपऱ्याच्या शेवटच्या दोन-अडीच इंचांत पिन मारायची नाही. कापडाचं टोक तिरकं आत ओढून मागे एक पिन मारा, मग उरलेला पदर बोटाने आत दाबून सपाट घडी घाला आणि वरून ओढून पिन करा. घडी वरच्या-खालच्या कडेला घ्या, बाजूने बघणाऱ्याला दिसत नाही. जादा कापड कात्रीने उडवायचा मोह होतो, पण पुढे सैल पडल्यावर पुन्हा ताणायला तेच लागतं.

एवढ्या मापाला मध्ये एक आडवी पट्टी टाकाच, नाहीतर लांब बाजू आत वाकतात. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर मागे चारही कोपऱ्यांना रबरी बटणं चिकटवा, पावसाळ्यात भिंतीची ओल थेट कापडाला लागणार नाही.