नाशिकमध्ये बी.आर्क.च्या चौथ्या वर्षाला आहे. जुन्या वास्तूंच्या जतनात करिअर होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि तुम्ही योग्य शहरात आहात. पदवीनंतर वास्तुजतनातली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घ्या. दिल्लीचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) आणि अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ ही त्यासाठी नावाजलेली ठिकाणं. पुढे पुरातत्त्व खातं, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था किंवा जतनाची कामं करणाऱ्या वास्तुविशारदांकडे काम मिळतं. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

पण आत्ताच चुना शिका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या भिंती माती-चुन्याच्या. त्यांवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते, क्षार साचतात आणि विटांचा भुगा होऊ लागतो. चुना ओल बाहेर जाऊ देतो. चांगल्या हेतूनं केलेल्या अशा डागडुजीनंच कितीतरी वाडे खचलेत! म्हणून चुना मळणारा गवंडी आणि जुना सुतार गाठा, त्यांच्या हाताखाली सुट्टी घालवा.

रविवारी वही-टेप घेऊन सराफ बाजारातला सरकारवाडा बघा, मग सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर. एखाद्या खांबाचं मोजून केलेलं रेखाटन प्रवेशाच्या वेळी पोर्टफोलिओत फार उपयोगी पडतं.