एमडीआर टीबीच्या पेशंटला ओरेम लावताना

तुम्ही लिहिलंय की केस स्टडीला एमडीआर टीबीचा (नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा) पेशंट घेतलाय, डोरोथिया ओरेमची स्वकाळजीची नर्सिंग थिअरी लावायचीय, पण प्रत्येक रकान्यात 'नॉलेज डेफिसिट' (माहितीची कमतरता) एवढंच येतंय आणि मॅडमनी वही परत दिली. मॅडमचं बरोबर आहे. मीही वर्षानुवर्षं तेच लिहीत होते. त्याचा त्रास एका पेशंटला झाला, म्हणून सविस्तर सांगते.

बेळगावच्या वडगावातले एक विणकर मामा. घरातच पॉवरलूम. बीपाल-एम हा चार औषधांचा कोर्स चालू होता: बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन, २६ आठवडे. तिसऱ्या महिन्यात गोळ्यांचा हिशेब जुळेना. विचारलं तर, "घेतोय की वो सिस्टर." मी वहीत लिहून टाकलं, 'औषधांचं महत्त्व समजलेलं नाही, समुपदेशन केले.' पुढच्या खेपेला घरी गेले. मामा परसातून आत आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी नळापाशी पडलेली, आणि त्यांना पत्ता नाही. मी चप्पल आणून दिली तेव्हा बोलायला लागले. पाय रात्रभर जळतात, बोटं बधिर झालीत, तुटलेल्या सुताची गाठ बसत नाही. गाठ बसली नाही की माग बंद. सुरुवातीला आम्हीच सांगितलं होतं की लिनेझोलिडने मुंग्या येऊ शकतात. ते त्यांनी नीट लक्षात ठेवलं आणि तेवढीच गोळी गुपचूप बाजूला काढत राहिले.

आता सांगा, यात ज्ञान कुठं कमी होतं?

ओरेमबाईंचं म्हणणं तसं सरळ आहे. आजार माणसाकडे किती स्वकाळजी मागतो ते एकीकडे, आणि आजच्या घडीला त्याच्याच्यानं किती होतं ते दुसरीकडे. मधली तूट भरायची ती नर्सिंगने. म्हणून आधी हे दोन रकाने भरा, निदानाचं नाव नंतर. मामांच्या 'मागणी'त गोळ्या, ईसीजी, रक्त तपासणी, पोटभर जेवण आणि मास्क होतं. 'क्षमते'त होते बधिर हात, बंद माग आणि निक्षय पोषणचे (टीबीच्या पेशंटला आहारासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे) महिन्याला १००० रुपये. मराठी शाळेत शिकलेल्या या माणसाच्या हातात आम्ही कन्नड माहितीपत्रक दिलं होतं, तेही याच रकान्यात येतं.

तीन नर्सिंग सिस्टीमपैकी एक निवडून वही मिटू नका. अशा टीबीत तोच पेशंट मागे-पुढे होत राहतो. सुरुवातीला उलट्यांनी आडवा झालेला असतो तेव्हा जवळजवळ सगळं आपण करतो, मग अर्धं-अर्धं, मग नुसता आधार आणि शिकवण. मामा शेवटच्या टप्प्यावर आलेत असं मी धरून चालले होते, पण ते पुन्हा मधल्यावर गेले होते. प्रत्येक नोंदीला तारीख घाला, म्हणजे ही हालचाल दिसेल.

त्याच दिवशी डॉक्टरांना कळवलं. लिनेझोलिड कमी करायचं की थांबवायचं हे तेच ठरवतात. एकच औषध वगळत राहिलं तर उरलेल्या औषधांनाही जंतू दाद देईनासे होऊ शकतात, हे मामांना मागाजवळ बसून पुन्हा सांगितलं. मामी रोज रात्री बॅटरी घेऊन तळपाय बघायला लागल्या. चपलेला मागे पट्टा आला, गाठी मारायला पुतण्या बसला. बधिरपणा हळूहळू उतरतो, कधीकधी पूर्ण जातही नाही, हेही लपवलं नाही. लिनेझोलिड डोळ्यांच्या नसेलाही धरतं, म्हणून विणकराला 'दिसतं का' एवढंच विचारू नका, 'सुताचे रंग ओळखू येतात का' असं विचारा.

मॅडमनी दुसरी थिअरी जोडायला सांगितली तर फ्लॉरेन्स नाइटिंगेलची पेशंटच्या भोवतालाची थिअरी घ्या, मोकळ्या हवेपुरती. पण बेळगावच्या आषाढात 'खिडक्या उघड्या ठेवा' लिहून भागत नाही. पाऊस आत न येता समोरासमोर कुठल्या दोन खिडक्या उघडता येतील ते घरात उभं राहून बघा.

तुमचा पेशंट निपाणीकडचा आहे म्हणता. कामाला किंवा लेकीकडे कोल्हापूरला जाणार का, हे आत्ताच विचारून ठेवा. निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीतला पेशंटचा नंबर) देशभर तोच चालतो, पण निघण्याआधी ट्रान्सफर करावी लागते. प्रवासाच्या दिवसांच्या गोळ्या हातात द्या आणि तो पोचला का, हे तिकडच्या सिस्टरला फोन करून विचारा.