ग्रॅच्युइटीचे वीस लाख आणि मसाई मारातल्या पाच रात्री

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या अनुदानित शाळेत शिक्षिका आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. यजमान सातपूरच्या कंपनीतून मार्चमध्ये साठाव्या वर्षी निवृत्त झाले. त्या लिहितात : “ह्यांनी आयुष्यात एक कॅमेरा सोडला तर स्वतःसाठी काही घेतलं नाही. ग्रॅच्युइटीचे वीस लाख आलेत, ते तसे जास्तीचेच. त्यातून ऑगस्टमध्ये केनियात मसाई मारा अभयारण्यातल्या एका उत्तम लॉजवर पाच रात्री राहून यावं असं मनात आहे. माणशी रात्रीचे १४५० डॉलर, त्यात सगळं आलं. विमान धरून चौदा लाखांत बसेल. मुलगी म्हणते जा, मुलगा म्हणतो वेड लागलंय का. एवढे पैसे घालावेत का?”

ताई, जरूर जा. पण या लॉजवर नको. आणि ग्रॅच्युइटीला जास्तीचे पैसे म्हणणं आधी सोडा. नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार कंपनीने बाजूला धरला, तो आता एकरकमी हातात आला आहे. लॉटरी लागलेली नाही. पीएफ काय आणि ग्रॅच्युइटी काय, दोन्ही त्यांच्याच घामाचे पैसे. फक्त एक वेगळ्या खात्यावर, वेगळ्या दिवशी जमा झाले म्हणून त्यावर ‘मौजेसाठी’ अशी चिठ्ठी लागली.

आता तुमचे चौदा लाख बघू. टूरवाल्याचा कागद तुम्ही सोबत पाठवलात हे फार बरं केलंत, कारण खरी गोष्ट त्याच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. खोलीभाडं १४५० डॉलरने दोघांचं पाच रात्रींचं १४,५०० डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर १३ लाख ५ हजार. यात राहणं, तिन्ही वेळचं खाणं, साधी पेयं, कपडे धुणं आणि दिवसातून दोनदा इतर पाहुण्यांसोबतच्या गाडीतून सफारी हे आलं. अभयारण्याचं प्रवेशशुल्क मात्र वेगळं. २०२४ पासून परदेशी प्रौढ पाहुण्याला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर पडतात. म्हणजे ऑगस्टमध्ये तुम्हा दोघांचे पाच दिवसांचे २००० डॉलर, १ लाख ८० हजार. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला जाणारं छोटं विमान दोघांचं येऊन-जाऊन ८१ हजारांच्या आसपास. मुंबई–नैरोबी तिकिटं ९० हजार. गरम हवेच्या फुग्यातली सैर तुम्ही ‘त्यातच असेल’ असं लिहिलंय. ती नाही. माणशी साडेचारशे-पाचशे डॉलर, म्हणजे आणखी ९० हजार. नैरोबीतली एक रात्र, प्रवास परवाना, प्रवास विमा, आणि गाइड व कॅम्पच्या लोकांना द्यायची बक्षिसी (गाइडला माणशी रोज दहा ते वीस डॉलर देण्याची तिथे रीत आहे) मिळून लाखभर धरा.

बेरीज साडेअठरा लाखांच्या जवळ जाते. चौदा नव्हे. वीस लाखांतले उरले दीड.

याला टूरवाला लबाड म्हणायचं कारण नाही, सगळं कागदावर आहे. पण ‘सगळं आलं’ हे तोंडी ऐकून कुणीही आकडा ठरवू नये. काय आलं नाही याची यादी लेखी मागायची, एवढं पक्कं.

आता हे पैसे नेमके कशाचे जातात ते पाहू. तुम्ही लिहिलंय की ताडोबाला मोहर्ली गेटने दोनदा जाऊन आलात. तिथे तुम्ही साध्या होमस्टेत राहिलात काय किंवा पोहण्याच्या तलावाच्या रिसॉर्टमध्ये काय, सकाळी जिप्सी त्याच गेटवर, त्याच रांगेत उभी राहते. परवाना वनखात्याचा, वेळ वनखात्याची. रिसॉर्टचे जास्तीचे पैसे गादीला आणि जेवणाला जातात, वाघाला नाही. मसाई मारा अभयारण्याच्या आतही बरंचसं तसंच आहे. रस्ता सोडून गाडी घालायची नाही, रात्रीची सफारी नाही, अंधार पडायच्या आत मुक्कामाला परत. स्थलांतर करणाऱ्या कळपांनी नदी ओलांडण्याचा प्रसंग, जो तुमच्या यजमानांना कॅमेऱ्यात हवा आहे, तो तर सगळ्यांचाच. विल्डबीस्टचा (हरणाच्या कुळातल्या मोठ्या आफ्रिकी जनावरांचा) कळप काठावर येतो, ताटकळतो, पुढचा एखादा झेब्रा पाण्याला तोंड लावून मागे फिरतो की अख्खा कळप मागे. तीन तास उभं राहून काही होत नाही, आणि गाडी वळवली की मागे धूळ उठलेली दिसते. त्या काठावर १४५० डॉलरवाल्यांची उघडी गाडी आणि नैरोबीहून आलेली स्वस्तातली व्हॅन शेजारी शेजारी उभ्या असतात. मगर दोघांनाही सारखीच दिसते किंवा दिसत नाही.

पैशाने जनावरांच्या बाबतीत खरा फरक पडतो तो अभयारण्याच्या सीमेलगतच्या खासगी राखीव कुरणांत. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ ही त्यांतली काही नावं. मसाई कुटुंबांनी आपापल्या जमिनी एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाडेपट्ट्याने दिल्या आहेत. कुंपण नाही, त्यामुळे जनावरं इकडून तिकडे फिरतात. कॅम्पची आणि खाटांची संख्या बांधलेली, सिंहाभोवती मोजक्याच गाड्या. वाट सोडून जाता येतं, रात्री दिवा घेऊन फिरता येतं, हत्यारबंद गाइडबरोबर पायी चालता येतं. कॅमेरावाल्या माणसाला हे हवं. गाडी योग्य कोनात लावून अर्धा तास बंद करून बसणारा गाइड हवा, आणि मागून कुणी घाई करणारं नको. त्यासाठी पैसे द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. तांब्याच्या टबासाठी आणि खाजगी बटलरसाठी देऊ नयेत. तुम्ही पाठवलेल्या लॉजच्या फोटोंत बारापैकी आठ फोटो खोलीचे आहेत आणि लॉज अभयारण्याच्या आत आहे. प्रवेशशुल्कासकट तिथली एक रात्र तुम्हा दोघांना जवळजवळ तीन लाखांना पडते.

कुरणातले चांगले, पण दिखाऊ नसलेले तंबूंचे कॅम्प ऑगस्टमध्ये माणशी रात्रीचे ७५० डॉलरच्या आसपास मिळू शकतात, कुरणाच्या शुल्कासह. तंबू म्हणजे कॅम्पिंग समजू नका. आत पलंग, शौचालय, गरम पाणी सगळं असतं. पाचऐवजी चार रात्री घ्या. दोघांचे ६००० डॉलर. एक पूर्ण दिवस डबा घेऊन अभयारण्यात नदीवर जा, त्याचे ४०० डॉलर. छोटं विमान ९०० डॉलर. हे झाले साधारण ६ लाख ५७ हजार. मुंबई–नैरोबी ९० हजार आणि किरकोळ लाखभर मिळवा, की साडेआठ लाखांत सगळं. फुगा मी गाळला आहे. मनात असेल तर घ्या, त्याने हिशेब कोसळत नाही.

दोन्ही बेतांत फरक दहा लाखांचा. हे दहा लाख मोठे की छोटे हे तुमच्या बाकीच्या चित्रावरून ठरतं, म्हणून तिकडे वळू.

ग्रॅच्युइटी धरून तुमच्याकडे १ कोटी २४ लाख आहेत : पीएफ ५८, म्युच्युअल फंड ३४, मुदत ठेव १२. घर स्वतःचं, कर्ज नाही. घरखर्च महिना ७५ हजार, तो सध्या तुमच्या पगारात भागतो. तुम्ही १९९६ ला शंभर टक्के अनुदानित शाळेत लागलात, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ च्या आधीच्या. जुनी पेन्शन पक्की. तुमच्या अंदाजाप्रमाणे ती ५५ हजार बसेल, वर महागाई भत्ता वाढत जाईल. वीस हजारांची तूट १ कोटी २४ लाखांना जड नाही. साडेअठरा लाख गेले तरी तुम्ही रस्त्यावर येणार नाही. मुलाला हे सांगा. त्याची भीती त्या बाबतीत अनाठायी आहे.

पण पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात आणि मी तिथेच थांबलो : “मेडिक्लेम कंपनीचा होता.” होता. यजमानांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. तुम्ही नोकरीत आहात तोवर वैद्यकीय प्रतिपूर्तीचा आधार असेल, दोन वर्षांनी तोही नाही. साठाव्या वर्षी नवीन पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ लागू शकतो. समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि जुन्या वर्षांचं श्रेय मिळतं, पण त्याला मुदत असते. उद्या सकाळी पहिलं काम कंपनीच्या एचआरला फोन. सफारीची आगाऊ रक्कम त्यानंतर. दोघांचं दहा लाखांचं संरक्षण आणि वर एक मोठा टॉप-अप (मूळ रकमेच्या पलीकडच्या खर्चासाठीचा जोडविमा) घ्या. हप्ता वर्षाला पन्नास-साठ हजारांच्या घरात जाईल, आणि वयानुसार वाढत जाईल.

आता ते दहा लाख पुन्हा हातात घ्या. यजमान साठ वर्षांचे झाले, म्हणजे पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना त्यांना खुली आहे, मर्यादा ३० लाख. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दहा लाखांवर दर तिमाहीला २०,५०० रुपये येतात, वर्षाला ८२ हजार. मेडिक्लेमचा हप्ता त्यातून निघून वर किमान वीस-बावीस हजार उरतात. एका पारड्यात हे, आणि दुसऱ्यात एक जास्तीची रात्र, फुगा, तांब्याचा टब आणि नदीचा तोच काठ. मी तरी दुसरं पारडं उचलणार नाही.

टूरवाल्याने बारा महिन्यांचे हप्ते देऊ केलेत, ते नको. बँकेत पैसे असताना फिरण्यासाठी कर्ज कशाला?

पैसे भरताना दोन गोष्टी. एक, परदेशी टूरवर जो टीसीएस (टूरवाल्याने तुमच्याकडून वसूल करून सरकारला भरायचा आगाऊ कर) घेतला जातो तो खर्च नाही, तुमच्या आयकरात वळता होतो. त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलत आला आहे, बुकिंगच्या दिवशी चालू असलेला विचारून घ्या. बुकिंग तुमच्या पॅनवर करा, यजमानांच्या नको. तुम्हाला पगार आहे. भरलेला टीसीएस शाळेच्या कार्यालयाला कळवलात तर पगारातून कापायचा कर तेवढा कमी करून घेता येतो. यजमानांच्या नावावर असेल तर विवरणपत्र भरून परताव्याची वाट पाहत बसावं लागेल. दोन, कॅम्पवाले साधारण वीस-तीस टक्के आगाऊ घेतात आणि बाकी दोन-तीन महिने आधी. शेवटच्या महिन्यात रद्द केलं तर बहुतेक वेळा काही परत मिळत नाही. म्हणून प्रवास विम्यात रक्तदाब लपवू नका. लपवलात तर दावा नाकारायला तेवढं निमित्त पुरतं. मारातून नैरोबीला आजारी माणसाला हलवायचं तर विमानच लागतं, तेव्हा हवाई रुग्णवाहिका विम्यात आहे का ते बघा. बरेच कॅम्प अम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स या हवाई रुग्णवाहिका सेवेचं संरक्षण पाहुण्यांना देतात, तेही विचारा.

आणखी एक, जे पैशाचं नाही पण आधी कळलेलं बरं. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस प्रवासाच्या दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठीच्या पुढच्यांना ती डॉक्टर विचार करूनच देतात. यजमान नेमके त्या उंबरठ्यावर आहेत. आगाऊ रक्कम भरायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना दाखवून या. लस नाही म्हणाले तर पुढचं सगळं गणितच बदलतं.

राहिला ऑगस्टचा प्रश्न. शाळा चालू असताना तुम्हाला आठ-नऊ दिवसांची रजा काढावी लागेल, आणि दर वर्षातले सगळ्यात चढे. दोन वर्षांनी तुम्ही मोकळ्या झालात की फेब्रुवारीत जाता येईल. प्रवेशशुल्क निम्मं, कॅम्पचे दर बरेच उतरलेले, हवा कोरडी, आणि सिंह, चित्ते, बिबटे बारा महिने तिथेच असतात. कळप मात्र तेव्हा दक्षिणेला टांझानियात, नदीवर काही नाही. यजमानांना विचारा की त्यांच्या डोळ्यांसमोर नदी आहे की सिंह. नदी असेल तर थांबू नका. साठीतले गुडघे बासष्टीत आणखी बरे होत नाहीत, आणि माराच्या आतले रस्ते पाठ मोडून काढतात. सिंह असेल तर फेब्रुवारीत साडेआठाच्या जागी सात लाखांच्या आतबाहेर भागेल.

टूरवाल्याने कोट महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवलाय, त्याची धास्ती घेऊ नका. त्याला मेल करून कुरणातल्या दोन-तीन कॅम्पचे चार रात्रींचे दर मागा, आणि कुरणाचं शुल्क, गाडीत माणसं किती, अभयारण्यातला एक दिवस धरलाय का, हे तिन्ही लेखी घ्या. छोट्या विमानात माणशी पंधरा किलो, तेही मऊ बॅगेत, एवढंच सामान चालतं आणि कॅमेऱ्याचं वजन त्यातच मोजतात. यजमानांच्या मोठ्या लेन्सचं वजन आत्ताच करून ठेवा.