मांडी घातली नाही तरी चालेल
वाचकांचे प्रश्न : खुब्याची झीज आणि योगोपचार

प्रश्न : आम्ही धरणगाव तालुक्यात राहतो. माझ्या आईचे वय ६४ वर्षे असून तिचे सारे आयुष्य कपाशीची निंदणी, वेचणी आणि घरकाम यांत गेले आहे. गेली तीन वर्षे तिच्या उजव्या जांघेत आणि मांडीच्या पुढच्या बाजूला दुखते; आधी आम्ही ती कंबरदुखी समजून तेल लावत राहिलो. जळगावला एक्स-रे काढल्यावर खुब्याच्या सांध्याची मध्यम स्वरूपाची झीज असल्याचे कळले. शस्त्रक्रियेची घाई नाही, व्यायाम करा, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणून तिला एका योगवर्गाला पाठवले. तेथील शिक्षकांनी मांडी घालून बसण्याचा आग्रह धरला आणि एकदा बद्धकोणासनात (तळपाय जुळवून, गुडघे बाहेर टाकून बसण्याचे आसन) तिचे गुडघे वरून दाबले. त्यानंतर चार दिवस तिला धड चालता आले नाही. आता ती म्हणते, ‘माले खाले बठता येत नही, मंग योग कसा करू?’ तिला काय सांगावे?

उत्तर : आपल्या आईंचा प्रश्न अगदी नेमका आहे. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांनी पलंगावर आणि खुर्चीवर योग करावा. त्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे आणि तक्के ही साधने योगवर्गात आणली ती याचसाठी, की आसन शरीराला जुळवून घेता यावे.

वर्गात जे घडले त्याचे कारण आधी समजून घ्यावे. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. झीज होते तेव्हा ते विरळ होत जाते आणि वाटीच्या कडेला हाडाची टोके वाढतात. अशा सांध्यात पाय फाकवताना किंवा आत वळवताना जो अटकाव होतो, तो पुष्कळदा स्नायूच्या आखडण्यामुळे नसून हाडाला हाड टेकल्यामुळे असतो. आखडलेला स्नायू हळूहळू ताणला तर सैल पडतो. हाड मात्र ताणाने हटत नाही, उलट जोर केला की सांध्याचे आवरण चिमटते आणि सुजते. स्नायूचा ताण मांडीच्या आतल्या बाजूला लांबवर जाणवतो आणि श्वास सोडताना थोडा उतरतो. हाडाचा अटकाव जांघेत एका बिंदूवर टोचतो आणि श्वासाने बदलत नाही. हा फरक आईंना स्वतःला ओळखता येईल, आणि टोचले की तिथेच थांबायचे. त्यांचे गुडघे दाबण्याचा अधिकार कोणालाही नाही, मलाही नाही.

योगाने झिजलेली कूर्चा पुन्हा येत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या सांधेरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१९च्या सूचनांमध्ये खुब्याच्या झिजेसाठी व्यायाम, वजन जास्त असल्यास ते कमी करणे आणि काठी यांची ठाम शिफारस आहे. योगाची शिफारस मात्र गुडघ्यापुरतीच आणि तीही सौम्य आहे, कारण खुब्यावर पुरेसे संशोधन झालेले नाही. योगसंशोधक स्वामी कुवलयानंद लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन करण्यापूर्वी आपल्या अमळनेरला खानदेश शिक्षण मंडळात काम करीत होते. पुढे त्यांनी योगक्रियांची एक्स-रेखाली तपासणी केली. मोजून पाहण्याची ती शिस्त खानदेशातल्या योगशिक्षकांनी तरी विसरू नये, असे मला वाटते.

मग योगाने मिळते काय? एका पायावर उभे राहताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो, कारण ओटीपोटाचा सांगाडा समतोल ठेवण्यासाठी नितंबाच्या बाजूचे स्नायू जोराने ओढत असतात. दुखण्यामुळे पाय कमी वापरला जातो, हे स्नायू सुकतात आणि चालताना शरीर दुखऱ्या बाजूला झुकू लागते. याच्या जोडीला खुबा वाकलेल्या अवस्थेत आखडू लागतो. आपण घरी तपासून पाहा : आईंना पलंगावर उताणे झोपवून चांगल्या पायाचा गुडघा पोटाशी घ्यायला सांगा. दुखऱ्या पायाची मांडी गादीवरून आपोआप वर उचलली गेली, तर पुढचे स्नायू आखडलेले आहेत. स्नायूंना बळ देणे आणि हे आखडणे रोखणे, ही दोन कामे योगोपचार करू शकतो. सांधा ‘उघडणे’ हे त्याचे काम नव्हे.

सुरुवात पालथे झोपण्याने करावी. पोटाखाली पातळ उशी, पाय सरळ, डोके एका कुशीवर, आणि पाच मिनिटे संथ श्वास. मकरासनात पाय फाकवून टाचा आत घेतात, तसे येथे करू नये. ही स्थिती सोसू लागली की एकेक पाय वीतभर उचलून अर्धशलभासन करावे. गुडघा ताठ, कंबर हलू द्यायची नाही, तीन श्वास धरायचे. नंतर चांगल्या कुशीवर वळून, गुडघ्यांमध्ये जाड उशी घेऊन, वरचा दुखरा पाय सरळ रेषेत थोडासा उचलावा. या हालचालीला जुन्या ग्रंथांत नाव शोधू नका, पण आईंच्या चालण्याला सर्वांत जास्त उपयोग हिचाच होईल. उताणे होऊन, गुडघे वाकवून, तळपाय टेकवून केलेले सेतुबंधासन कंबर हातभर उचलण्याइतके नको, उशी सरकवता येईल इतकेच पुरे. सुप्त पादांगुष्ठासन जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीने करावे. तळपायाला पट्टी अडकवून पाय जेवढा सहज येईल तेवढाच वर घ्यावा, ९० अंशांचा हट्ट नको.

उभ्याने करायचे ताडासन ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला धरून करावे. एका पायावर उभे राहण्याचे वृक्षासन सध्या नकोच. दुखऱ्या पायावर सारा भार येतो आणि दुसरा गुडघा बाहेर वळताना तोल गेला तर दुखापत होते. पद्मासन, गोमुखासन, उत्कटासनातली खोल बैठक आणि मलासन (उकिडवे बसणे) ही यादीतून काढून टाका. शवासनात गुडघ्यांखाली उशी घेतल्याने बरे वाटते, पण ती दहा मिनिटांपुरतीच. रात्रभर ठेवली तर खुबा वाकलेलाच राहतो. अनुलोम-विलोम आणि भ्रामरी खुर्चीवर बसून करावी. खुर्चीवर गोधडीच्या घड्या ठेवून उंची इतकी वाढवा की गुडघे खुब्याच्या किंचित खाली राहतील. जुनाट दुखण्यात मेंदूही सावध होऊन बसलेला असतो आणि साध्या हालचालीलाही धोका समजतो. संथ, लांब उच्छ्वासाने ही सावधगिरी उतरते, म्हणून प्राणायामाला मी शेवटचा उपचार न मानता पहिला मानते.

किती करावे याचा निकष आईंच्याच हातात द्या. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर सराव करताना दुखणे तीन-चारच्या वर जाऊ नये, आणि वाढलेले दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर यावे. तसे न झाल्यास सोडून न देता निम्मे करावे. रोज वीस मिनिटे, निदान तीन महिने. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि हिवाळ्यात मात्र ऊन अंगावर आल्यावर सराव करणे बरे, कारण थंडीच्या पहाटे सांधा सर्वांत ताठ असतो.

उरलेल्या तेवीस तासांकडे दुर्लक्ष झाले तर वीस मिनिटे वाया जातात. काठी डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूच्या हातात हवी. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूला धरतात. एसटीत चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सैल विणीच्या बाजेवर बसणे टाळावे, शौचासाठी उंच कमोड किंवा कमोडची खुर्ची करून घ्यावी, पापड लाटायचे पाट टेबलावर घ्यावेत. शेतात उकिडवे बसून निंदणी करणे मात्र बंदच करायला हवे. त्याला सवलत नाही.

आणखी एक सूचना देणे भाग आहे. आठवडे बाजारात ‘सांधेदुखीची पुडी’ मिळते. एका पुडीत आराम पडतो म्हणून लोक महिनोन्महिने घेतात. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे, आणि स्टेरॉइडने खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच बिघडू शकतो. डॉक्टरांच्या गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नयेत. पडल्यानंतर अचानक पाय टेकता न येणे, ताप, विश्रांतीतही न थांबणारे रात्रीचे दुखणे किंवा विनाकारण वजन घटणे यांपैकी काही दिसले तर आसने थांबवून लगेच तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : माझा भाऊ ३६ वर्षांचा आहे. त्याचाही खुबा दुखतो, एक्स-रे साफ आहे. वरीलप्रमाणे योग सुरू करावा का? (शहादा)

उत्तर : नाही, इतक्यात नाही. या वयात खुबा दुखत असेल, आणि विशेषतः पूर्वी स्टेरॉइड घेतलेले असेल किंवा मद्यपान असेल, तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरण्याचा आजार असण्याची शक्यता तपासली पाहिजे. सुरुवातीला तो एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. अस्थिरोगतज्ज्ञांनी किती भार चालेल हे सांगेपर्यंत त्यांनी फक्त श्वसनाचा सराव करावा.

प्रश्न : सासूबाईंचा खुबा बदलून पाच महिने झाले. नवरात्रात त्यांना आरतीला खाली बसायचे आहे. सुखासन चालेल का? (पारोळा)

उत्तर : सांधा पुढून बसवला की मागून, यावर कोणत्या हालचाली टाळायच्या ते ठरते, म्हणून हा प्रश्न शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. मागून बसवलेल्या सांध्यात खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणे, पायावर पाय टाकणे आणि पाय आत वळवणे यांनी गोळा निखळण्याचा धोका असतो. त्यांच्याकडून लेखी परवानगी मिळेपर्यंत देवघरासमोर हात टेकायला दांडे असलेली खुर्ची ठेवा, आणि ती इतकी उंच असू द्या की उठताना सासूबाईंना पुढे वाकावे लागणार नाही.