ट्रेकला सोलर चार्जर न्यायचा की नुसती पॉवर बँक पुरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये लडाखमध्ये रुमत्से ते कोर्झोक आठ दिवस चालायचंय, तंबू आणि सामान स्वतःच्याच पाठीवर. सोबत फोन, मिररलेस कॅमेरा, हेडलँप आणि घड्याळ. ऑनलाइन एक 'सोलर पॉवर बँक' पाहिली आहे, ती घ्यावी का? आणि डिसेंबरमध्ये सह्याद्रीतल्या रेंज ट्रेकला तीच चालेल का?

ती घेऊ नका. पॉवर बँकेच्या पाठीवर चिकटवलेलं ते काळं पॅनेल शोभेचं असतं, आणि हे साध्या गुणाकारानेच कळतं. त्याचा आकार फार तर 15 बाय 8 सेंटिमीटर, म्हणजे 120 चौरस सेंटिमीटर. भर दुपारी, निरभ्र आकाशाखाली एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॉट ऊन पडतं. त्यातलं या तुकड्याच्या वाट्याला येतं 12 वॉट. चांगला सोलर सेल त्यातल्या वीसेक टक्क्यांची वीज करतो, म्हणजे अडीच वॉटच्या आत. कोन, उष्णता आणि आतल्या सर्किटचा खर्च वजा केला की दीड वॉट पदरात पडला तर नशीब. 20000 एमएएचची (मिलीअँपिअर-अवर) बँक म्हणजे 74 वॉट-अवर, आणि एक वॉट तासभर मिळाला की होतो एक वॉट-अवर. ती दीड वॉटने भरायला पन्नास तास कडक ऊन लागेल, आणि असं ऊन दिवसाला पाच-सहा तासच मिळतं. तुमचा अख्खा ट्रेक संपेल तरी ती भरणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! शिवाय ती भरण्यासाठी लिथियमची बॅटरी उन्हात ठेवायची, म्हणजे बॅटरीला जे सगळ्यात जास्त बाधतं तेच मुद्दाम करायचं.

आता एमएएच हा आकडा जरा बाजूला ठेवा, त्याने भलता गोंधळ होतो. 10000 एमएएच हे आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टवरचं मोजमाप आहे. बाहेर 5 व्होल्ट द्यायचे तर रूपांतरात काही खर्ची पडतं, आणि म्हणूनच बँकेच्या मागे बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' सहा-साडेसहा हजाराच्या आसपास छापलेली दिसते. तो आकडा खरा. वॉट-अवरमध्ये बोललं की सगळं एका मापात येतं: 10000 ची बँक 37 वॉट-अवरची, त्यातले हातात येतात तीसेक. 20000 ची बँक 74 ची, हातात साठ-बासष्ट. 5000 एमएएचचा फोन शून्यापासून पूर्ण भरायला साधारण 19-20 लागतात.

तुमचा हिशोब मी असा मांडेन. फोन विमान मोडवर, नकाशे आधीच उतरवून घेतलेले, फोटो अधूनमधून, तर रोज अर्धी बॅटरी जाते, म्हणजे 10 वॉट-अवर. (विमान मोडवरही जीपीएस चालतं. बॅटरी खातं ते नेटवर्क शोधत राहणं, आणि त्या पट्ट्यात शोधून मिळणार काहीच नाही.) कॅमेऱ्याची मोठी बॅटरी 16 वॉट-अवरच्या आसपास असते. दोन दिवसांना एक धरली तर रोजचे 8. हेडलँप आणि घड्याळ मिळून दोन. रोजचे झाले 20, आठ दिवसांचे 160. निघताना फोन भरलेला आणि कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या भरलेल्या, म्हणजे पन्नास तुमच्याजवळ आधीच आहेत. प्रश्न उरतो 110 चा.

हे 110 दोन वाटांनी मिळतात. एक, 20000 च्या दोन बँका, मिळून साधारण 800 ग्रॅम. दोन, 10000 ची एक बँक आणि 21 ते 28 वॉटचं घडीचं पॅनेल, मिळून साडेसहाशे-सातशे ग्रॅम. दुसऱ्या वाटेत 80 वॉट-अवर उन्हातून काढायचे आहेत. पॅनेलमधून बँकेत आणि बँकेतून फोनमध्ये, अशा दोन टप्प्यांत जवळपास पाव भाग गळतो, म्हणून पॅनेलकडून प्रत्यक्षात 105-110 हवेत. लडाखच्या उन्हात असं पॅनेल दहा-बारा वॉट देतं. म्हणजे रोज दीड तास ते नीट मांडून ठेवायला हवं.

वजनात शे-दीडशे ग्रॅमचा फरक. तेवढ्यासाठी आठ दिवस उन्हावर विसंबायचं का? तुमच्या जागी मी असते तर दोन बँका घेतल्या असत्या. दहा-बारा दिवसांचा बेत असता किंवा तुम्ही व्हिडिओ काढणार असता, तर उलटं सांगितलं असतं, कारण दिवस वाढले की बँकांचं वजन वाढत जातं आणि पॅनेलचं तेवढंच राहतं. चार जणांचा गट असेल तरीही एक पॅनेल न्या, त्याचं वजन चौघांत वाटलं जातं. पाच दिवसांपर्यंतच्या ट्रेकला मात्र 20000 ची एक बँक पुष्कळ झाली, पॅनेलचा विचारही करू नका.

पॅनेल घ्यायचंच ठरवलंत तर हे वाचा, कारण पैसे वाया जातात ते इथे. लेबलवर लिहिलेले 28 वॉट म्हणजे प्रयोगशाळेतला आकडा: पॅनेल 25 अंश सेल्सिअसवर, ऊन सरळ काटकोनात. शिवाय साध्या यूएसबी पोर्टमधून 5 व्होल्टला 2.4 अँपिअर, म्हणजे 12 वॉटच बाहेर पडतात. एकच बँक जोडली तर 28 चे 28 कधीच मिळणार नाहीत. बँकेची इनपुट क्षमताही बघा. कित्येक जुन्या बँका 10 वॉटच्या वर आत घेतच नाहीत, मग पॅनेल कितीही मोठं लावा.

फोन थेट पॅनेलला लावू नका. ढग आला की व्होल्टेज पडतं, चार्जिंग तुटतं, आणि ढग गेल्यावर काही फोन पुन्हा सुरूच होत नाहीत, काही सुरू होतात पण मंद गतीने. शिवाय प्रत्येक वेळी स्क्रीन उजळते ती वेगळीच. किल्ल्यावरच्या टाक्याचं जसं असतं तसं हे ठेवा: झरा कमी-जास्त झिरपत राहतो, टाकं भरत राहतं, आणि आपण पाणी काढतो ते टाक्यातून. दिवसा पॅनेलमधून बँक, संध्याकाळी बँकेतून बाकी सगळं.

सॅकवर पॅनेल लटकवून चालणाऱ्यांचे फोटो छान येतात. चार्जिंग फारसं होत नाही. उभ्या पाठीवर ऊन तिरकं पडतं, वाट वळली की पॅनेल सावलीत जातं, आणि पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असल्यामुळे सॅकच्या एका पट्ट्याची सावली एका सेलवर पडली तरी सगळ्या साखळीचा प्रवाह आवळला जातो. रुमत्से-कोर्झोक वाटेवर झाडं नाहीत हा तुमचा फायदा, पण खरी कमाई होते ती जेवणाच्या थांब्यावर आणि तळावर. दगडाला टेकवून मांडा आणि वाऱ्यासाठी चारही कोपऱ्यांवर दगड ठेवा. या वाटेवरच्या चांगथांग पठारावरचा दुपारचा वारा पॅनेलच काय, तंबूही उचलतो.

हीच गोष्ट उत्तराखंड किंवा हिमाचलच्या मे-जूनच्या ट्रेकला उलटी फिरते. तिथे सकाळी लख्ख ऊन असतं तेव्हा तुम्ही चालत असता आणि दुपारी तळावर पोचेपर्यंत बरेचदा ढग चढलेले असतात. ढगाखाली पॅनेल दहा-वीस टक्क्यांवर येतं. लडाख पर्जन्यछायेत असल्यामुळे तिथे दुपारीही आकाश मोकळं मिळण्याची शक्यता जास्त. त्यात हवा विरळ आणि थंड, आणि पॅनेलला थंडी मानवते. 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला वीज 0.3 ते 0.4 टक्क्याने घटते. एप्रिलच्या उन्हात हरिश्चंद्रगडाच्या तापलेल्या कातळावर पॅनेल साठ अंशांपर्यंत गेलं तर बारा-चौदा टक्के तिथेच गेले.

बॅटरीचं मात्र दोन्हीकडे अवघड. लिथियमची बॅटरी 45 अंशांच्या वर आणि शून्याच्या खाली चार्ज करायची नसते. पॅनेलच्या मागे जो कप्पा शिवलेला असतो तो दुपारी भट्टीसारखा तापतो. बँक तिथे ठेवू नका, मीटरभर लांबीची केबल घ्या आणि बँक सॅकच्या सावलीत ठेवा. उलट पहाटे साडेचार-पाच हजार मीटरवर सगळं गोठलेलं असताना लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केलं तर आत लिथियम धातूचा थर साचतो आणि बॅटरी कायमची खराब होते. वापरायला हरकत नाही, फक्त क्षमता तात्पुरती कमी दिसते. रात्री फोन, बँक आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, पण चार्जिंगला जोडलेल्या अवस्थेत नको.

सह्याद्रीबद्दल. डिसेंबरमध्ये आकाश स्वच्छ असतं, पण सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पुण्याच्या अक्षांशावर भर दुपारीही तो क्षितिजापासून 48 अंशच वर येतो. पॅनेल जमिनीवर आडवं ठेवलं तर पाव हिस्सा गेला. दक्षिणेकडे तोंड करून चाळीसेक अंश उभं टेकवा. ऑगस्टच्या लडाखमध्ये भर दुपारी सूर्य 70 अंशांच्या आसपास असतो, तिथे आडवं ठेवलं तरी फारसं बिघडत नाही. पण खरं सांगायचं तर सह्याद्रीत पॅनेल लागतंच कशाला? रतनगड-हरिश्चंद्रगड करा, नाहीतर बागलाणात साल्हेर-सालोटा-मुल्हेर, दर एक-दोन दिवसांनी तुम्ही पायथ्याच्या एखाद्या गावात उतरताच. ज्या घरी पिठलं-भाकरी खाल तिथे सॉकेट असतो. विचारून लावा आणि जेवणाच्या पैशांबरोबर त्याचेही द्या. लोड शेडिंगची वेळ तेवढी आधी विचारून घ्या. पावसाळ्यात तर पॅनेल घरीच राहू द्या. नर्मदा परिक्रमेला निघालेलेही हाच प्रश्न विचारतात. तिथे बहुतेक मुक्काम आश्रमात किंवा धर्मशाळेत असतो, 10000 ची बँक आणि दोन पोर्टचा चार्जर एवढं पुरतं.

हेडलँपचं सोपं आहे. तो छोट्या पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर रिचार्जेबल सेल, यूएसबी चार्जर असा प्रपंच नको. तीन सेलचा जादा संच चाळीस ग्रॅमच्या आत बसतो, चार्जर त्याहून जड होईल. थंडीसाठी अल्कलाइनऐवजी न भरता येणारे 1.5 व्होल्टचे लिथियम सेल घ्या. महाग आहेत, पण हलके आहेत आणि गारठ्यात दगा देत नाहीत. घड्याळ किंवा इअरबड चार्ज करताना बँक थोड्या वेळाने आपोआप बंद पडते, कारण इतका कमी प्रवाह तिला जाणवतच नाही. काही बँकांना त्यासाठी वेगळा मोड असतो, बरेचदा बटण दोनदा दाबून सुरू होतो. घेण्यापूर्वी तपासा.

काहीही घेतलंत तरी दोन-तीनशे रुपयांचा यूएसबी मीटर घ्या, व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा. रविवारी गच्चीवर दुपारी साडेबाराला पॅनेल मांडा, त्याला मीटरमधून रिकामी बँक जोडा आणि मीटर बघा. 28 वॉटच्या पॅनेलमधून 5 व्होल्टला दीड अँपिअरही निघत नसेल तर परतीची मुदत संपायच्या आत ते परत पाठवा. बँकेवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही बघा.

लेहला विमानाने जाणार असाल तर बँका आणि कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये अजिबात नाही. प्रत्येकी 100 वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, म्हणजे 20000 च्या बँका त्यात बसतात. 30000 ची घेतलीत तर ती 111 वॉट-अवरची होते आणि काउंटरवर वाद घालत बसावं लागेल. पॅनेलला विमानात अडचण नाही. आणि परदेशातल्या कुणा मित्राने सॅटेलाइट कम्युनिकेटर (उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) देऊ केला तर तो नेऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं यंत्र जवळ बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, त्यापायी लोक विमानतळांवर अडकले आहेत.

कॅमेऱ्याच्या बॅटरीवर वॉट-अवरचा आकडा छापलेला असतो. माझा 16 चा अंदाज आणि तुमचा आकडा जुळत नसेल तर तो कळवा; 7-8 ची छोटी बॅटरी निघाली, तर दोन सुट्या बॅटऱ्या जास्त घेऊन 20000 ची एकच बँक पुरते का ते मोजून सांगते.